फळं-काजूचे मफिन : या चुका टाळा, आणि तो बीटर आधी कपाटात ठेवा

दर मे महिन्यात आणि परत चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी मला तेच फोटो येतात, खाली प्रश्न तोच, "मावशी, मफिन कडक का झाले?" आता एकदाच लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी हेच पाठवायचं.

पहिली चूक, आणि दहातल्या आठ जणांची हीच असते, पीठ जास्त फेटणं. मीही केलीय. ओव्हन नवीन घेतला त्या वर्षी चवथीला फोंड्याच्या घरी सगळे जमलेले, म्हटलं नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तर सगळेच करतात, आपण मफिन करू. हँड बीटर लावला आणि छान गुळगुळीत, चकचकीत होईपर्यंत फिरवत बसले, मनात म्हणतेय काय मस्त झालंय. चोवीस मफिन निघाले, डोकी सगळ्यांची टोपीसारखी टोकदार. मामांनी एक मधोमध कापला तर आत उभी उभी भोकं. मामा म्हणतात, "आत उंदीर शिरला होता काय गे?" ते वाक्य आजही दर चवथीला निघतं.

कारण साधं आहे. मैद्यात पाणी पडून तो ढवळला की ग्लुटेन तयार होतं, म्हणजे चिवट जाळी. पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, पावाचं पीठ मळतो तेव्हा त्याला तीच हवी असते, मफिनला नको असते. जाळी घट्ट झाली की गॅस वाट काढत वर सरकतो, त्याचीच ती भोकं. म्हणून मी दोन वाडगे घेते. एकात दोन कप मैदा, दोन चमचे बेकिंग पावडर, साखर, चिमूट मीठ, दुसऱ्यात दोन अंडी, एक कप दही, अर्धा कप तेल. ओला वाडगा कोरड्यात ओतायचा आणि भाताच्या चमच्याने बारा-पंधरा वेळा खालून वर घ्यायचं, बस्स. गुठळ्या दिसतील, दिसू देत, ओव्हनमध्ये त्या विरतात. "मिक्सरमधून काढलं तर चालेल का पटकन?" नाही चालणार. चटणी करायचीय का?

आणि हे दोन वाडगे ओव्हन तापल्याशिवाय एकत्र करू नका. आपल्याकडे पावसात लाईट कधी जाईल नेम नाही, आणि ओलं-कोरडं भेटलं की गॅस सुटायला लागतो, तो काय लाईट यायची वाट बघत नाही. ओव्हन १८० डिग्रीवर पंधरा मिनिटं आधी, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू. थंड ओव्हनमध्ये ठेवून "वीज वाचवली" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

दुसरी चूक, ओली फळं. माझ्या भाचीने मानकुराद स्वस्त झाले म्हणून दोन अख्खे आंबे मोठे मोठे तुकडे करून रसासकट घातले. वीस मिनिटांनी काडी घालून बघितली, ओली. अजून पाच, परत ओली. अजून दहा. वरून काळे झाले, आणि खाली काय, आंब्याचा शिरा! काडी प्रत्येक वेळी आंब्याच्या फोडीतून जात होती, म्हणून ओली येत होती. तेव्हा काडी दोन-तीन ठिकाणी घालून बघायची.

दोन कप मैद्याला फळ एक कप, त्याहून जास्त नाही, कितीही मोह होऊ दे. तुकडे शेंगदाण्याएवढे. आंबा, अननस असला तर अर्धा तास चाळणीत ठेवायचा, खाली जमलेला रस पिऊन टाकायचा, तो पिठाचा नाही. केळी कुस्करून घालत असाल, गोव्यातल्या मयडे गावची असोत नाहीतर साधी, तर ती ओल्यात मोजा आणि दही तेवढं कमी करा. फळाला मैदा चोळला की तळाला बसत नाही असं सगळे सांगतात, मीही चोळते सवयीने, पण खरं सांगू, पीठ पातळ असेल तर मैदा चोळून काहीही होत नाही. पीठ चमच्यावरून धबकन पडायला हवं, वाहायला नको.

काजूचं म्हणाल तर गोव्यात राहून सादळलेले काजू घालणं हा गुन्हाच. तव्यावर मंद आचेवर गुलाबी करा, गार झाल्यावर जाड कुटा. आणि आधी एक खाऊन बघा, खवट असला तर सगळा घाणा गेला.

बेकिंग पावडरच्या जागी तेवढाच खायचा सोडा घालू नका, तो तिप्पट-चौपट जोरदार असतो, साबणासारखी चव येते. डबा जुना असेल तर चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका, फसफसली नाही तर फेकून द्या.

साचा पाऊण भरा. पहिली पंधरा मिनिटं दार उघडू नका, काचेतून दिसतं. मनुका गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून पुसून घ्या.

आणि बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत साच्यातून सोडवा, नाहीतर वाफेने बूड ओलं होतं. माझ्याकडे रॅक नाही, मी गॅसची धुतलेली जाळी उलटी ठेवते. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचे नाहीत, जुलैत तर नाहीच. गरम भरले की झाकणाला पाणी सुटतं आणि तिसऱ्या दिवशी बुरशीचा फोटो परत मलाच येतो.