मेटल प्रिंटिंगमधले डिफेक्ट थर्मल कॅमेऱ्याने कसे पकडायचे

गोव्यात वेर्णा, कुंडईकडे कुणी लेझरवाला मेटल प्रिंटर (धातूची पावडर थरावर थर लेझरने वितळवून पार्ट बनवणारा) चालवत असाल तर थर्मल कॅमेरा लावताना आधी फिल्टर बघा, लेझर साधारण १०७० नॅनोमीटरचा असतो, कॅमेरा नियर इन्फ्रारेडचा (म्हणजे याच तरंगलांबीच्या आसपास बघणारा) असेल तर तो प्रकाश अडवावाच लागतो नाहीतर सेन्सर जाऊ शकतो. मग एमिसिव्हिटी, म्हणजे तापलेला पृष्ठभाग किती उष्णता किरणांच्या रूपात बाहेर टाकतो ते. खरी गडबड इथेच होते, सुटी पावडर, वितळलेला धातू आणि थिजलेला धातू, तिघांची वेगवेगळी, म्हणून स्क्रीनवरचा आकडा म्हणजे खरं तापमान असं धरू नका, चांगला निघालेला एक पार्ट बेसलाइन ठेवा आणि प्रत्येक लेयर त्याच्याशी ताडून बघा. एखादी जागा शेजारच्यापेक्षा हळू थंड होतेय, खास करून ओव्हरहँगवर (खाली आधार नसलेल्या भागावर), तर तिथे उष्णता साचतेय आणि कीहोलची छिद्रं (लेझर फार खोल घुसल्याने आत राहणारी पोकळी) पडू शकतात. मेल्ट पूल (लेझरखालचं वितळलेल्या धातूचं डबकं) बारीक, थंड दिसला तर लेयर नीट जुळला नसेल. ठिणग्या उडून कुठे पडतात तेही बघाच.

पावसात आपल्याकडची दमट हवा पावडरला लागते, ती नीट पसरत नाही, गॅसची छिद्रंही वाढू शकतात, तेव्हा डबे घट्ट बंद ठेवा.

संशयाच्या जागा लेयर नंबरसकट लिहा, मग सीटी स्कॅन करा नाहीतर पार्ट कापून मायक्रोस्कोपखाली बघा, त्याआधी कॅमेऱ्याच्या अलार्मची लिमिट ठरवूच नका.