शुल्क माफ, काम पूर्ण वेळ: अमेरिकेतल्या कॅथलिक शाळेत शिकवत केलेलं एम.एड.

“कॅथलिक शाळेत शिकवलं तर मास्टर्स खरंच फुकटात होतं का गं?” न्यू जर्सीतल्या आम्हा वसईकर कॅथलिकांच्या कुठल्याही लग्नात, किंवा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर देवळाबाहेर गप्पा रंगल्या की हा प्रश्न कुणीतरी हमखास विचारतं. होतं. मी नोटर डेम विद्यापीठातून तसंच केलंय. पण हो म्हटल्यावर समोरच्याच्या डोळ्यांत जी चमक येते, तिच्यासाठी थोडं सविस्तर लिहायला हवं.

शुल्क माफ का असतं, ते आधी बघू. बाल्टिमोरला १८८४ साली बिशपांची परिषद झाली आणि प्रत्येक धर्मग्रामाने, म्हणजे पॅरिशने, आपली शाळा काढावी असं ठरलं. पुढची काही दशकं त्या शाळा धर्मभगिनींच्या जिवावर चालल्या, कारण त्या जवळपास बिनपगारी शिकवायच्या. १९६० च्या दशकाच्या मध्यात या शाळांत पन्नास लाखांहून जास्त मुलं होती. आज सतरा लाखांच्या आसपास आहेत. धर्मभगिनी कमी झाल्या, पगारी शिक्षक घ्यावे लागले, खर्च वाढला आणि गरीब वस्त्यांतल्या शाळा सगळ्यात आधी बंद पडू लागल्या. आपल्याकडे मिशनची शाळा अनुदानित असली की शिक्षकांचा पगार सरकार देतं. इथे तसं अनुदान नाही. शाळा चालते ती फीवर, धर्मग्रामाच्या मदतीवर आणि देणग्यांवर. पब्लिक स्कूलपेक्षा, म्हणजे इथल्या सरकारी शाळेपेक्षा, पगार कमी, म्हणून चांगला शिक्षक टिकत नाही. नोटर डेमचे फादर टिमोथी स्कली आणि शॉन मॅकग्रॉ यांनी १९९३ साली यावर एक तोडगा काढला. ताज्या पदवीधरांना दोन वर्षं अशा शाळांत शिकवायला पाठवायचं आणि त्या बदल्यात एम.एड. विनाशुल्क द्यायचं. त्याचं नाव अलायन्स फॉर कॅथलिक एज्युकेशन. सगळे त्याला नुसतं ‘एस’ म्हणतात.

म्हणजे पदवीचे पैसे तुम्ही कामातून फेडता. शाळा तुम्हाला पगार न देता मानधन देते, आणि ते नियमित शिक्षकाच्या पगारापेक्षा बरंच कमी असतं. त्यात एकट्याचं साधं भागतं, घरी पैसे पाठवणं मात्र जमत नाही. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

आता सगळ्यात रुक्ष, पण सगळ्यात आधी बघायची गोष्ट: व्हिसा. मानधन म्हटलं तरी वर्गातलं काम ही नोकरीच आहे, त्यामुळे अमेरिकेत काम करण्याचा अधिकार हातात नसेल तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही. माझं ग्रीन कार्ड आई-वडिलांमुळे आधीच झालेलं होतं. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल तर वर्क परमिट आहे का, ते पाहा. वसईत बसून थेट अर्ज करू असं कुणी म्हणत असेल तर आधी कार्यक्रमाच्या कार्यालयाला एक ईमेल टाका आणि लेखी उत्तर घ्या. नात्यातल्या कुणी ‘होतं गं सगळं’ म्हटलं, त्यावर जाऊ नका.

आईला एम.एड. ऐकून वाटलं, मी आता हेडमिस्ट्रेस होणार. आपल्याकडे बी.एड. झाल्यावर एम.एड. करतात, त्यामुळे तिचं चुकलं नव्हतं. इथे हे एम.एड. शिक्षक होण्याचं पहिलंच प्रशिक्षण असतं. पदवी कुठल्याही विषयाची चालते आणि शिकवण्याचा अनुभव नसला तरी चालतो. अभ्यास मुख्यतः दोन उन्हाळ्यांत, इंडियानातल्या साउथ बेंडच्या कॅम्पसवर. शालेय वर्षात ऑनलाइन असाइनमेंट असतात आणि विद्यापीठाचे निरीक्षक वर्गात येऊन पाठ बघतात. पहिला उन्हाळा अंगावर येतो. सकाळी वर्ग, दुपारी वर्ग, मध्ये खऱ्या मुलांसमोर सराव, रात्री पाठ-टाचणं. कॅम्पसवर फ्रान्समधल्या लूर्दच्या, मारियामातेच्या तीर्थस्थानाच्या, गुहेची प्रतिकृती आहे, १८९६ मध्ये बांधलेली. परीक्षेच्या आदल्या रात्री तिथे मेणबत्त्यांची गर्दी बघितली की वसई काय आणि इंडियाना काय!

शहर तुम्ही निवडत नाही. मला सॅन अँटोनियो मिळालं, टेक्सासमध्ये. मुलं बहुतेक मेक्सिकन वंशाची, घरी स्पॅनिश. मी सहावी-सातवीला गणित शिकवायचे आणि एक तास धर्मशिक्षणाचा. १२ डिसेंबरला ग्वादालुपे मातेचा, म्हणजे मेक्सिकोच्या लाडक्या मारियामातेचा, सण. पहाटे काळोखात गाणी, ढोल, मग शाळेच्या अंगणात गरम चॉकलेट. ऑगस्टपासून माझ्याशी एक शब्द न बोललेल्या मुलाच्या आजीने त्या दिवशी माझ्या हातात तमालेंची, म्हणजे मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या मेक्सिकन पदार्थाची, पिशवी कोंबली. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला स्पॅनिश. दुसऱ्या दिवशी पोराने गृहपाठ आणला. पालकांशी नातं कसं जोडायचं यावर आम्हाला उन्हाळ्यात चांगली व्याख्यानं दिली होती, पण पिशवीचा उल्लेख त्यात नव्हता.

आमच्या वेळी अमेरिकॉर्प्स या सरकारी सेवा योजनेचं शैक्षणिक बक्षीसही मिळायचं. ते नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांनाच मिळतं. पूर्ण वेळ म्हणजे वर्षाला १,७०० तास भरायचे. पण सरकारी पैसा धर्माच्या शिकवणीवर जाता कामा नये, म्हणून धर्मशिक्षणाचे आणि प्रार्थनेचे तास त्यात धरायचे नाहीत. यावर खटलाही झाला होता, आणि २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ही योजना वैध ठरवली. माझ्यासाठी त्याचा अर्थ असा, की शुक्रवारी रात्री तासांचा तक्ता भरताना गणित धरायचं, पालकसभा धरायची, डबा खाताना तपासलेल्या वह्याही धरायच्या. सकाळची मिस्सा आणि बायबलचा तास गाळायचा. एकाच वर्गात, त्याच मुलांसमोर, त्याच खडूने. सुरुवातीला हसू यायचं, नंतर सवय झाली. बक्षिसाची रक्कम पेल ग्रँटच्या, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या, कमाल रकमेइतकी असते (२०२४ च्या आर्थिक वर्षासाठी ७,३९५ डॉलर) आणि तिच्यावर कर लागतो. मात्र २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकॉर्प्सची अनुदानं मोठ्या प्रमाणावर कापली गेली. हे पैसे मिळणारच असं धरून कर्जफेडीचा हिशेब मांडू नका.

घराबद्दल कुणी विचारत नाही, आणि मला विचाराल तर निम्मा कार्यक्रम घरातच घडतो. एका शहरातले सगळे एसवाले एकत्र राहतात. आमचं घर म्हणजे धर्मभगिनींचा जुना मठ. अरुंद खोल्या, लांबलचक स्वयंपाकघर, एक फ्रिज आणि प्रत्येकाचं वेगळं वेळापत्रक. वाणसामान सामाईक, स्वयंपाकाच्या पाळ्या, आठवड्यातून एकदा एकत्र प्रार्थना. माझ्या पाळीला मी भुजिंग करायचे, आणि ओव्हनमधून धूर निघाला की अलार्म वाजायचा, कोळशावर कोंबडी भाजायची सोय तिथे कुठली! भांडी कुणी घासायची यावरून अबोले झाले, तेही खरं. पण ऑक्टोबर महिना, जेव्हा नव्या शिक्षकाला रोज राजीनामा द्यावासा वाटतो, तो मी त्या स्वयंपाकघरामुळे काढला. ज्यांना संध्याकाळी दार लावून एकटं बसल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी अर्जाआधी याचा विचार करावा. लग्न झालेल्यांनी तर नक्कीच.

करारनामा नीट वाचा, सह्या करण्याची घाई नको. कॅथलिक शाळेचा शिक्षक हा नुसता गणिताचा शिक्षक मानला जात नाही. वैयक्तिक आयुष्यातही चर्चच्या शिकवणीशी सुसंगत वागण्याची कलमं त्यात असतात. २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिस परिसरातल्या दोन कॅथलिक शाळांच्या शिक्षिकांच्या प्रकरणात असा निकाल दिला, की धर्मशिक्षणाची जबाबदारी असलेल्या शिक्षकाला नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या कायद्यांखाली शाळेला कोर्टात खेचता येत नाही. मी धर्मशिक्षणाचा तास घेत होते, म्हणजे मीही त्यात आले. हे पटत असेल तर उत्तम, पटत नसेल तर पब्लिक स्कूलचा रस्ता वेगळा आहे आणि तोही वाईट नाही.

शाळेपेक्षा धर्मग्रामात काम करायची ओढ असेल, म्हणजे धर्मशिक्षणाचे वर्ग, तरुणांचे मेळावे, प्रौढांची बाप्तिस्म्याची तयारी, तर नोटर डेमचाच ‘इको’ हा कार्यक्रम बघा. तो मॅकग्रा इन्स्टिट्यूटतर्फे चालतो आणि त्यात मिळते ती धर्मशास्त्रातली एम.ए., तीही विनाशुल्क. रचना तशीच: उन्हाळे कॅम्पसवर, दोन वर्षं एखाद्या धर्मप्रांतात, म्हणजे एका बिशपाच्या हाताखालच्या भागात, काम, एकत्र राहणं. माझी एक मैत्रीण त्यात होती. ‘रविवारच्या वर्गाला शिकवलंय की आपण’ म्हणून गेलेल्यांची ऑगस्टीन आणि अक्वायनस हे जुने ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ वाचताना चांगलीच दमछाक होते, असं ती सांगायची. खरं तर या दोन पदव्यांपैकी मला नंतर जास्त हेवा तिच्या पदवीचा वाटला. पण एम.एड.मुळे शिक्षकाच्या परवान्याचा मार्ग खुला होतो, धर्मशास्त्राच्या एम.ए.मुळे तो आपोआप होत नाही. पुढे नोकरी कुठे करायची हे डोक्यात ठेवून ठरवा.

एसच्याच धर्तीवर इतर कॅथलिक विद्यापीठांनीही कार्यक्रम काढले: लॉस एंजेलिसच्या लोयोला मेरीमाउंटने, ओमाहाच्या क्रेटनने, पोर्टलंड आणि प्रॉव्हिडन्सने. प्रत्येकाचे नियम निराळे आहेत. यंदा प्रवेश चालू आहे का, शुल्क पूर्ण माफ आहे की काही भाग तुमच्या अंगावर येतो, आरोग्य विमा कुणाचा आणि प्रवासखर्च कुणाचा, एवढं त्यांच्याकडून लिहून घ्या. ‘ट्युइशन फ्री’ म्हणजे विमानाचं तिकीट फ्री नव्हे.

अर्जात निबंध, शिफारसपत्रं, गुणपत्रिका आणि मुलाखत. भारतातली पदवी असेल तर गुणपत्रिकांचं मूल्यांकन वेळखाऊ असतं, आणि मुंबई विद्यापीठाचा अनुभव असलेल्यांना मी वेगळं काय सांगू! महिनाभर आधी नव्हे, उन्हाळ्यातच त्याच्या मागे लागा. शिफारसपत्रासाठी मोठ्या नावाच्या मागे धावू नका. धर्मशिक्षणाच्या वर्गात तुम्हाला मुलांबरोबर पाहिलेल्या धर्मभगिनीचं किंवा शिकवणीच्या क्लासच्या सरांचं पत्र चालतं. त्यात एखादा प्रसंग असला म्हणजे झालं. मुलाखतीत ‘मला सेवा करायची आहे’ एवढ्यावर थांबलात तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: वर्गातली वीस मुलं एकदम बोलायला लागली तर काय कराल? आणि तुम्हाला प्रश्न विचारायची संधी मिळेल तेव्हा, सध्या त्या कार्यक्रमात दुसऱ्या वर्षाला असलेल्या कुणाशी तरी फोनवर बोलायला मिळेल का, हे विचारा. पहिल्या वर्षाच्याशी नको, त्याला अजून झोपच मिळालेली नसते.