उन्हाळ्यात लॉन पिवळं पडतंय? पुण्यात या चुका टाळा

मार्च सरत आला की पुण्यातल्या बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या आवारात लॉन पिवळं पडायला लागतं. मग माळीकाका रोज संध्याकाळी पाइप धरून उभे राहतात. पाणी वाढतं, लॉन मात्र सुधारत नाही, कारण दुखणं बहुतेक वेळा मुळांशी असतं. पुण्यात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस होतो, आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. पुढचे आठ महिने मूळ जितकं खोल, तितकंच लॉन तग धरतं. त्यामुळे मूळ उथळ ठेवणारी कुठलीही सवय इथे महागात पडते.

रोज थोडं थोडं पाणी शिंपडणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती मायेपोटी होते. रोज दहा मिनिटं शिंपडलेलं पाणी वरच्या इंचभर मातीतच राहतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उडून जातं. मुळंही मग तिथेच घुटमळतात. दोन दिवस पाणीकपात झाली की लॉन मान टाकतं.

पाणी दिल्यावर तासाभराने एका कडेला खुरपं खुपसून माती उचकटून बघा. चार-पाच इंचांपर्यंत ओल हवी. दोन बोटांखाली कोरडी ठणठणीत माती लागली, तर आजवरचं पाणी मुळांना मिळालेलंच नाही.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. १००० चौरस फुटांच्या लॉनला २५ मिलिमीटर पाणी द्यायचं तर सुमारे २,३०० लिटर लागतं. भर उन्हाळ्यात हरळीच्या (म्हणजे दूर्वांच्या) लॉनला तेवढ्यावर साधारण पाच-सहा दिवस निघतात. स्प्रिंकलर नेमकं किती पाणी देतो हे पाहायचं असेल, तर सरळ काठाचे रिकामे डबे चार ठिकाणी ठेवा आणि साचलेलं पाणी पट्टीने मोजा. एका कोपऱ्यात पाच आणि दुसऱ्यात पंधरा मिलिमीटर भरलं, तर पिवळ्या पट्ट्याचं उत्तर तिथेच मिळेल.

काळ्या मातीत पाणी सावकाश मुरतं. एकदम सोडलं तर वाहून जातं, म्हणून अर्ध्या तासाच्या अंतराने दोन हप्त्यांत द्या. मुरमाड जमिनीत उलट, ओल टिकत नाही. तिथे पाळी तीन-चार दिवसांवर आणा आणि दर वेळी पाणी कमी द्या. वेळ पहाटेची उत्तम.

मलब्यावर लॉन अंथरणं

नव्या बांधकामात हे सर्रास दिसतं. खाली विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, वर दोन इंच लाल माती आणि त्यावर तयार लॉन. पावसाळाभर ते छान दिसतं, फेब्रुवारीत रया जाते. पहार मारली की खण्णकन आवाज येतो, तिथे मूळ कुठून जाणार? आठ-दहा इंच खणून मलबा काढा, पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. कच्चं शेणखत नको. त्यातून तणाचं बी आणि मुळं कुरतडणाऱ्या हुमणी किडीची अंडी-अळ्या येतात. लावण्याआधी पंधरवडाभर वाफा भिजवून लव्हाळा हे तण उगवू द्या आणि गाठीसकट उपटा. नुसती पाती कापली तर तो गाठीतून परत फुटतो.

लागवड जूनच्या शेवटी किंवा जुलैत करा. एप्रिल-मेमध्ये लावलेलं लॉन जगवण्यातच सगळं पाणी जातं.

चुकीचं गवत

नर्सरीत मेक्सिकन लॉन गालिच्यासारखं दिसतं म्हणून ते घेतलं जातं. पण ते सावकाश वाढतं आणि एकदा वाळलं की भरून यायला फार वेळ घेतं. उघड्या उन्हात, पाण्याची ओढ असलेल्या जागी हरळीच्या जाती बऱ्या. मात्र हरळीला सावली सोसत नाही. दाट झाडाखाली पुन्हा पुन्हा लॉन लावू नका. तिथे पालापाचोळा पसरलेला चांगला.

बारीक छाटणी आणि युरिया

गवताचं पातं एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. उन्हाळ्यात हरळी दीड-दोन इंच राहू द्या, म्हणजे जमीन झाकलेली राहते. मोअरचं पातं बोथट असेल तर पानांची टोकं फाटून पांढरी पडतात आणि लोक तो रोग समजतात. तहानलेल्या लॉनवर युरिया तर मुळीच टाकू नका. खत पाऊस लागल्यावर द्या.

पाणी देऊनही ठिपके वाढतात?

सप्टेंबर-ऑक्टोबरात डागाची कड हाताने ओढा. गवत चटईसारखं उचललं गेलं आणि खाली पांढऱ्या, वाकड्या अळ्या दिसल्या, तर ती हुमणी. मुळं कुरतडलेली असताना पाणी वाढवून उपयोग नाही. अळ्या वेचा, मेटारायझियम ही जैविक बुरशी ओल्या मातीत मिसळा. पुढच्या वर्षी वळवाच्या पहिल्या सरींनंतर रात्री कडुनिंबावर आणि बाभळीवर जमणारे भुंगे गोळा करून नष्ट करा. खरा बंदोबस्त तिथेच होतो.

बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरी पापुद्री धरत असेल तर ते क्षार आहेत. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, तपासा. सोसायटीतलं सांडपाणी शुद्ध करून लॉनला वापरणं योग्यच, पण त्याचेही क्षार अधूनमधून तपासलेले बरे.

वाळलं म्हणजे मेलं असं समजणं

गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजे हरळीच. पाणी तुटलं की ती पानं वाळवते आणि जमिनीतल्या कांड्यांत जीव राखते. वाळलेल्या जागेतली एक कांडी उकरून मोडा. आतून पांढरी, ओलसर असेल तर ती जिवंत आहे. पोकळ, तपकिरी आणि काटकीसारखी तुटत असेल तर तेवढा तुकडा गेला.

पाणीकपातीत लॉन असं झोपू द्या. दोन-तीन आठवड्यांतून एकदा दहा-बारा मिलिमीटर पाणी कांड्यांना पुरतं. त्या काळात त्यावर मुलांचं क्रिकेट आणि लग्नाचे मांडव नकोत. ते हिरवं दिसावं म्हणून टँकर मागवू नका. १०,००० लिटरचा टँकर १००० चौरस फुटांवर जेमतेम चार पाळ्या पुरतो. त्यापेक्षा लॉन बसण्या-खेळण्यापुरतं ठेवा, आणि उरलेल्या जागेत जूनमध्ये तगर, अडुळसा, जास्वंद लावा.