ट्रॅकसाठी गाडी घेताय? या चुका टाळा

जर्मनीत श्टुटगार्टच्या आसपास मराठी मंडळी आता बरीच झाली आहेत. पुण्या-चाकणहून गाड्यांच्या कंपन्यांत नोकरीला येतात, जरा बस्तान बसलं की ट्रॅकवर पळवायला स्पोर्ट्स कार हवी असते. हौसेला मोल नाही, मान्य. पण घेण्याआधी जे प्रश्न मला विचारले जातात ते दर वेळी तेच असतात आणि बहुतेक बिनकामाचे असतात.

पहिला प्रश्न ठरलेला: "रिंगवर किती वेळ काढते?" न्यूरबुर्गरिंग या जर्मन रेसट्रॅकच्या नॉर्डश्लाइफ नावाच्या लांब फेरीवरची वेळ म्हणजे जणू गाडीचे दहावीचे टक्के. अरे, पण पेपर तरी एकच होता का? पूर्वी सरळ रस्त्याचा एक तुकडा वगळून 20.6 किलोमीटर मोजायचे. 2019 पासून पूर्ण 20.832 किलोमीटरची वेळ अधिकृत धरतात. 2021 मध्ये पोर्शाने नव्या 911 जीटी3 ची वेळ जाहीर केली, 6 मिनिटं 59.927 सेकंद. हीच फेरी जुन्या मापाने मोजली तर चार सेकंदांहून जास्त कमी भरते. वर चालवणारा लार्स केर्न, ज्याला तो रस्ता तोंडपाठ आहे, आणि टायर कप 2 आर, म्हणजे जवळजवळ रेसचेच. ही वेळ दहा वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या गाडीच्या वेळेशेजारी ठेवून कुणी "एवढ्या सेकंदांसाठी एवढे पैसे जास्त" असा हिशोब मांडला की मी चहा करायला उठतो.

शिवाय ती एकच फेरी असते. ट्रॅक डेला, म्हणजे हौशी लोक आपापली गाडी रेसट्रॅकवर पळवतात त्या दिवशी, एकेक सत्र साधारण वीस मिनिटांचं, आणि पैसे मोजायचे ते सतराव्या मिनिटाला गाडी कशी चालते त्याचे. 2015 ची कॉर्व्हेट झेड06 आठवा. 650 हॉर्सपॉवर, कागदावर भल्याभल्यांना गार करणारी. ट्रॅकवर मात्र तापली की स्वतःच ताकद आवरून घ्यायची. 2017 च्या मॉडेलला बॉनेटवरची हवेची तोंडं मोठी केली गेली, प्रकरण कोर्टातही गेलं. म्हणून माझा प्रश्न वेगळा असतो: इंजिनच्या तेलाला वेगळा कूलर आहे का, आणि ब्रेकपर्यंत हवा पोचवायची सोय आहे का?

ब्रेकवरून माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं. एका मित्राने वापरलेली स्पोर्ट्स कार घेतली. विक्रेत्याने सर्व्हिस बुक दाखवलं, शिक्के सगळे जागच्या जागी. पठ्ठ्याने पहिल्या आठवड्यातच महागडे टायर चढवले. मी म्हटलं, "ब्रेक ऑइल बदललंस?" तर म्हणे, "अरे, परवाच घेतलीय, शिक्का आहे ना!" होकेनहाइमच्या रेसट्रॅकवर गेलो. तिथे पाराबोलिका नावाचं लांबलचक हलकं वळण आहे. त्यावर गाडी सुसाट सुटते आणि शेवटी श्पिट्झकेर नावाच्या वळणाला जवळजवळ मागे वळायचं असतं. चौथ्या-पाचव्या फेरीत पेडल मऊ लागायला लागलं, हे त्याने नंतर सांगितलं. मऊ लागत असूनही तो थांबला नाही! पुढच्या फेरीला पाय थेट तळाला गेला. पेडल पंप करत, गिअर उतरवत तो वळण सोडून सरळ बाहेर गेला. जागा मोकळी होती म्हणून निभावलं. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबवायच्या जागी, परत आल्यावर ब्लीड केलं, म्हणजे ब्रेकमधलं तेल बाहेर काढलं, तर नळीतून चहाच्या रंगाचं तेल आणि बुडबुड्यांमागून बुडबुडे.

यात गूढ काही नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट 4 प्रतीचं ऑइल ताजं असताना किमान 230 अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर ती मर्यादा 155 पर्यंत येते. वेग दुप्पट झाला की ब्रेकने जिरवायची ऊर्जा चौपट होते. तेल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि ब्रेक लागत नाहीत. गाडी घेतली की माझा क्रम कायम एकच: आधी ब्रेक ऑइल, मग ब्रेक पॅड, टायर सगळ्यात शेवटी. शिक्क्यावर मी विश्वास ठेवत नाही, नव्या ऑइलची बाटली माझ्यासमोर फोडायची. आणि पेडल मऊ लागलं की ती फेरी हळू काढून आत यायचं. हे न जमणाऱ्याने गो-कार्ट चालवावी.

बांधणी तपासायची म्हणजे दार लावून "धप्प" आवाज ऐकायचा, हा दुसरा छंद. लोटस एलिझ चिकटवलेल्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर उभी आहे. आत खडखड होते, गालिचा नावापुरता. वजन वाचवायला ते मुद्दाम तसं केलंय, त्याला हलक्या दर्जाची म्हणू नका. उलट, नाव मोठं म्हणजे दगडावरची रेघ असंही नाही. 2014 मध्ये जीटी3 च्या इंजिनातल्या कनेक्टिंग रॉडचे स्क्रू सैल होऊन गाड्यांना आगी लागल्या, तेव्हा पोर्शाने सगळ्या 785 गाड्यांची इंजिनं बदलून दिली. बिघाड कुणाकडेही होतो. मी बघतो तो कंपनी नंतर कशी वागली ते. वापरलेल्या गाडीत ब्रेक डिस्कच्या भोकांच्या कडेने केसासारख्या चिरा आहेत का, टायर आतल्या बाजूने झिजलेत का, हे टॉर्च घेऊन वाकून बघावं. पोर्शा असेल तर ओव्हर-रेव्हचा रिपोर्ट मागा. चुकीचा खालचा गिअर टाकून इंजिन गरागरा फिरवलेलं असलं की त्यात दिसतं. विक्रेता रिपोर्टला टाळाटाळ करू लागला की मी निघतो.

पैसा वसूल होतो का, हे वळणांवर कळतं. पोर्शाच्या 718 केमन जीटी4 मध्ये 420 हॉर्सपॉवर, पण गिअर इतके लांब की दुसराच ताशी 130 किलोमीटरच्या पुढे जातो, आणि इथे गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर मर्यादा 100 ची. गाडी अप्रतिम आहे, पण नवख्याला तिच्यात शिकायला काही उरत नाही, गाडीच सगळं सांभाळून घेते. हजार-अकराशे किलोची, 184 हॉर्सपॉवरची माझ्दा एमएक्स-5 घ्या, वर्षभर चालवा. "ही तर पोरींची गाडी" म्हणणाऱ्यांना तीच गाडी बाहेरून ओव्हरटेक करताना मी पाहिलंय.

सिरॅमिक ब्रेक: ट्रॅकवर नियमित जाणार असाल तर नकोत, डिस्क बदलायची वेळ आली की बिल बघून घाम फुटतो. मोठा स्पॉयलर: आधी वळण शिका. यूट्यूब बघून सस्पेन्शनचे स्क्रू फिरवणं: हात मागे बांधून ठेवा.

आणि विमा. रिंगवर लोखंडी कठडा वाकला तर त्याचं बिल चालवणाऱ्याच्या नावाने येतं. पॉलिसीतलं रेसट्रॅकचं कलम सही करण्याआधी वाचा; जर्मन अजून कच्चं असेल तर ऑफिसातल्या एखाद्या जर्मन माणसाला जेवायला बोलवा आणि त्याच्याकडून वाचून घ्या.