उकळीत किती आटतं? घरच्या बिअरमधलं पाण्याचं गणित

बासुंदीत आटवणं हेच काम असतं. बिअरच्या वर्टमध्ये (माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गरम पाण्यात भिजवून काढलेलं गोड पाणी) मात्र आटणं उकळीसोबत आपोआप होतं आणि अंदाज चुकला की बिअर पाणचट होते, नाहीतर ठरवल्यापेक्षा कडक. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. अमेरिका, ब्रिटनसारख्या देशांत स्वतःपुरती बिअर घरी करता येते. पुढचं सगळं तिथल्या मराठी मंडळींसाठी.)

‘तासाला दहा टक्के आटतं’ हे वाक्य आधी डोक्यातून काढा. वर्ट टक्क्यांनी नाही, लिटरने आटतं. पातेलं तेच, आच तीच असेल तर आत १५ लिटर असो की २५, तासाला जवळपास तेवढंच पाणी जातं. उकळतं एक किलो पाणी वाफ व्हायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे तासाला साडेतीन किलो आटवायला साधारण २.२ किलोवॉट, भांड्याच्या अंगातून वाया जाणारी वेगळी. उकळी फुटल्यावर आच वाढवली तर तापमान वाढत नाही, फक्त वाफ वाढते.

म्हणून आपल्या भांड्याचा दर एकदा साध्या पाण्यावर काढून ठेवा. २० लिटर गार पाणी मोजून घ्या, झाकण ठेवून तापवा. उकळी फुटली की झाकण काढा, घड्याळ लावा, बिअरसाठी ठेवता तीच आच ठेवा. ३० मिनिटांनी बंद करा, झाकून पूर्ण गार होऊ द्या आणि पुन्हा मोजा. जितकं कमी भरलं त्याची दुप्पट हा तासाचा दर. गार केल्याशिवाय मोजू नका: उकळतं पाणी गार पाण्यापेक्षा सुमारे ४ टक्के जास्त जागा घेतं, २० लिटरमागे पाऊण लिटरहून जास्त.

मोजायला स्टीलची पट्टी पुरते. ३६ सेंटिमीटर व्यासाच्या सरळ भिंतीच्या पातेल्यात प्रत्येक सेंटिमीटर उंचीला १.०२ लिटर बसतं.

आता हिशोब उलटा करा. फर्मेंटरमध्ये (वर्ट आंबवायच्या भांड्यात) २० लिटर हवं. तळाला हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) गाळात दीड लिटर अडकणार, म्हणजे गार २१.५ लिटर. ०.९६ ने भागलं की गरम २२.४. एक तास उकळायचं आणि तासाचा दर ३.५ लिटर असेल तर उकळीच्या सुरुवातीला २५.९ लिटर हवं, आपल्या पट्टीवर २५.४ सेंटिमीटर. फेस येतो, त्यामुळे पातेलं निदान ३५ लिटरचं घ्या. उतू जाण्याचा धोका पहिल्या पाच-दहा मिनिटांत सगळ्यात जास्त असतो.

साखर वाफेबरोबर जात नाही, म्हणून लिटर गुणिले ग्रॅव्हिटीचे अंक हा गुणाकार कायम राहतो. (ग्रॅव्हिटी म्हणजे पाण्याच्या तुलनेत वर्ट किती दाट; १.०५० चे अंक ५०.) शेवटी १.०५० हवी असेल तर २१.५ × ५० = १०७५. सुरुवातीचं वर्ट गार मापाने २४.९ लिटर, म्हणजे तेव्हा हायड्रोमीटरवर (दाटपणा मोजायच्या तरंगत्या नळीवर) १.०४३ दिसायला हवी. नमुना हायड्रोमीटरवर लिहिलेल्या तापमानाला, बहुधा २० अंशांना, आणूनच वाचा.

समजा १.०४० च भरली. मग जास्त वेळ आटवा किंवा कोरडा माल्ट एक्स्ट्रॅक्ट (वर्ट आटवून केलेली पूड) घाला. इथे साधारण २१० ग्रॅम पुरेल. आटवायचं असेल तर कडवटपणाचे हॉप्स टाकण्याआधीच आटवा. हॉप्स पडल्यानंतर उकळी लांबवली की कडवटपणाही वाढत जातो.

उलट, जास्त आटलं तर चिंता कमी. १८ लिटर वर्ट १.०५६ ला आलं, तर १८ × ५६ ÷ ५० = २०.२, म्हणजे २.२ लिटर पाणी घाला. उकळी चालू असेल तर उकळतंच पाणी घाला, गार पाण्याने उकळी बसते. फर्मेंटरमध्ये घालायचं तर आधी उकळून गार केलेलं. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (जंतुनाशक) असेल तर ते थोड्या वेळच्या उकळीने पुरतं जात नाही आणि बिअरला औषधी वास येतो. कॅम्पडेनच्या (सल्फाइटच्या) गोळीचा छोटा तुकडा क्लोरामाइन घालवतो.

कमी आटावं म्हणून झाकण लावून उकळायचा मोह टाळा. माल्टमधून, विशेषतः फिकट पिल्सनर माल्टमधून, डायमिथाइल सल्फाइड तयार होतं. त्याला शिजलेल्या मक्याचा वास असतो. ते वाफेसोबत जायला हवं, झाकणावरून थेंबांनी परत पडायला नको. आटणं कमी करायचं तर आच कमी करा. पृष्ठभाग सतत हलता राहिला की पुरे, कारंजं उडायची गरज नाही.

उघड्यावर, वाऱ्यात शेगडी मांडली की हा दर बदलतो, कारण बर्नरची बरीच उष्णता वाराच नेतो. घरात काढलेला दर अंगणात वापरू नका; वाऱ्याला आडोसा करा आणि तिथली चाचणी वेगळी घ्या.