नॉयश्वानस्टाइनला ग्रुपने ट्रेनने जाताय? या चुका टाळा

म्युनिकला शिकायला आलेल्या मराठी पोरांची पहिल्या सेमिस्टरची ठरलेली ट्रिप म्हणजे नॉयश्वानस्टाइनचा किल्ला, आणि ठरलेला घोळ म्हणजे तिथपर्यंत जाऊन बाहेरूनच फोटो काढून परत येणं. आमचंही तेच झालं. अकरा जण होतो, शुक्रवार होता, आतल्या टूरची वेळ घेतलेली साडेअकराची, आणि बायर्न तिकीट (बायर्न म्हणजे बव्हेरिया राज्यात एक दिवस चालणारं रेल्वेचं तिकीट) शनिवार-रविवार आणि सुट्टी सोडून बाकी दिवशी सकाळी 9 नंतरच चालतं हे आम्हाला कळलं कधी, तर प्लॅटफॉर्मवर उभं राहून पोहे खाताना.

तर सगळ्यात मोठी चूक हीच, आधी किल्ल्याची वेळ बुक करायची आणि मग ट्रेन बघायची. किल्ला एकट्याने फिरत बघता येत नाही, गाइडेड टूरच असते, तिकिटावर वेळ छापलेली असते आणि ती चुकली की तुमच्यासाठी कोणी थांबत नाही. म्हणून उलटं मोजा. म्युनिक ते फ्युसेन, म्हणजे किल्ल्याजवळचं स्टेशन, साधारण दोन तास, तिथून 73 किंवा 78 नंबरची बस किल्ल्याखालच्या होहेनश्वांगाऊ गावापर्यंत दहाएक मिनिटं, मग चढ चालत 30 ते 40 मिनिटं. यात बसची वाट बघणं आणि कुणाचं तरी "दोन मिनिटं थांबा रे" धरा. नऊनंतरची गाडी पकडणार असाल तर दीडच्या आधीची वेळ घेऊच नका. वीकेंडला ही नऊची भानगड नाही, पण गर्दी मरणाची असते.

तिकिटाचं गणित आधी कागदावर करा. बायर्न तिकीट एकावर जास्तीत जास्त पाच जण, म्हणजे अकरा जणांना पाच, पाच आणि उरलेल्या एकाला वेगळं. ज्यांच्याकडे डॉइचलांडटिकेट (देशभर चालणारा महिन्याचा पास) आहे त्यांना मोजूच नका, त्यांना नऊची अटही नाही, फक्त ते तिकीट ज्याच्या नावावर त्यानेच वापरायचं आणि सोबत फोटो आयडी ठेवायचा. दोन्ही तिकिटं फक्त रीजनल गाड्यांत चालतात, आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत नाही, म्हणून रेल्वेच्या अ‍ॅपमध्ये फक्त लोकल गाड्यांचा फिल्टर लावून मगच स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका, नाहीतर कोणीतरी पांढरी चकचकीत गाडी बघून आत जाऊन बसतो. बायर्न तिकिटावर नावं पेनाने लिहायची असतात, तीही गाडीत बसायच्या आधी. विनातिकीट दंड 60 युरो, आणि "स्टुडंट आहोत, माहीत नव्हतं" हे चेकरने रोज ऐकलेलं असतं.

म्युनिकचं मुख्य स्टेशन आपल्याला वाटतं तसं एका ओळीत नाही. फ्युसेनकडच्या गाड्या बऱ्याचदा 27 ते 36 या बाजूच्या फलाटांवरून सुटतात आणि मधल्या हॉलपासून तिथे चालत जायला पाचसात मिनिटं सहज जातात. भेटायची जागा "स्टेशनवर" अशी ठेवू नका, फलाटाचा नंबर सांगा आणि सकाळी तो बदलला नाही ना हेही बघा. गाडी बदलायची असेल तर तेही आधी सगळ्यांना सांगून ठेवा, वाटेतल्या बुखलो स्टेशनला अर्धा ग्रुप उतरला आणि अर्धा झोपलेला, असं नको. ट्रॅकचं काम असेल तर मध्येच ट्रेनऐवजी बस असते, तिला इथे शीनेनएरझात्सफेरकेअर म्हणतात. बोर्डावर नुसतं एसईव्ही दिसलं तरी समजून जा की अर्धापाऊण तास गेला.

फ्युसेनला उतरल्यावर शांतपणे सेल्फी काढत बसू नका, अख्खी ट्रेन त्याच बसकडे धावते. बस सुटली तर चार किलोमीटर चालत जाता येतं, रस्ता छान आहे पण वेळ मोडते. घोडागाडीचं पण तसंच, ती दारापर्यंत जात नाही, शेवटचा चढ पायीच. मारियनब्रुके हा पूल, जिथून ते कॅलेंडरवालं दृश्य दिसतं, तो टूरच्या आधी बघायचा की नंतर हे ठरवून घ्या, किल्ल्यापासून तिथे पंधराएक मिनिटं लागतात, आणि बर्फ पडला की तो बंदही ठेवतात.

आणि डोक्यात रायगड घेऊन जाऊ नका. हा लढायला बांधलेला गड नाही, बायर्नच्या दुसऱ्या लुडविग राजाने 1869 मध्ये बांधायला घेतलेला हौसेचा राजवाडा आहे. राजा 1886 मध्ये गेला तेव्हा काम अर्धवटच होतं आणि तो गेल्यावर सात आठवड्यांत लोकांना तिकीट लावून आत सोडायला लागले. सिंहासनाच्या दालनात सिंहासनच नाही, ते बनलंच नाही. आमच्यातल्या एकाला हे भलतंच आवडलं, दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा टूर अर्ध्या तासात संपली आणि तो तिथेच घुटमळत राहिला. हो, आत फोटो काढू देत नाहीत आणि मोठी सॅकही चालत नाही, त्यामुळे अकरा जणांचे डबे एकाच सॅकमध्ये भरायची आयडिया करू नका.

रविवारी जाणार असाल तर खायचं आदल्या दिवशीच घ्या, दुकानं बंद असतात. आम्ही शेवटी बसस्टॉपवर बसून चिवडा खाल्ला आणि परतीच्या बसकडे बघत राहिलो, कारण ती भरून आली होती.