शार्प्सबर्गच्या पाट्या वाचायच्या कशा

अमेरिकेत मेरीलँडमधलं शार्प्सबर्ग म्हणजे एवढंसं गाव, वॉशिंग्टन डीसीपासून गाडीने साधारण दीड तास. अमेरिकेच्या यादवी युद्धात, म्हणजे उत्तरेची राज्यं विरुद्ध दक्षिणेची राज्यं या युद्धात, इथे मोठी लढाई झाली, तेच रणांगण बघायला लोक येतात. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडीतून खाली न उतरता पाऊण तासात चक्कर संपवली, आणि घरी आल्यावर शेतं आणि तोफा सोडून काही म्हणजे काही आठवेना. तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

सकाळी लवकर जा. लढाई १७ सप्टेंबर १८६२ ला उजाडता उजाडता उत्तरेकडच्या मक्याच्या शेतात पेटली, मग मधल्या खोलगट रस्त्यावर आली आणि दुपारी दक्षिणेकडच्या पुलापलीकडे सरकली, गाडीरस्ताही त्याच क्रमाने जातो, साडेआठ मैलांचा. म्हणजे घड्याळ आणि लढाई बरोबर चालतात. त्या एका दिवसात मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून सुमारे २३,००० माणसं. आणि हो, उत्तरेवाले ओढ्याच्या नावावरून हिला अँटिटमची लढाई म्हणायचे, दक्षिणेवाले गावावरून शार्प्सबर्गची, त्यामुळे दोन नावं दिसली तर गोंधळू नका, लढाई एकच.

आता पाट्या. रस्त्याच्या कडेला लोखंडी पाट्या आहेत, चित्र नाही, नकाशा नाही, नुसता ठासून भरलेला मजकूर. या १८९०च्या दशकात युद्धखात्याने लावल्या, आणि मजकूर लिहिणारा एझ्रा कारमन स्वतः त्या दिवशी १३व्या न्यू जर्सी रेजिमेंटचा कर्नल म्हणून तिथे लढलेला. वाचक म्हणून डोळ्यासमोर परत आलेले म्हातारे सैनिक, आपण नाही, म्हणून आपल्याला त्या जड जातात. गावाकडचा वीरगळ कसा खालून वर वाचतात, खाली लढाई नि वर स्वर्ग, तशी इथेही एक रीत आहे. आधी वर बघा, यू.एस.ए. म्हणजे उत्तर, सी.एस.ए. म्हणजे दक्षिण. मग वेळ शोधा. मग कुठून आले आणि कुठे गेले ते, आणि खरंच त्या दिशेला तोंड करून उभे राहा. अधिकाऱ्यांची नावं पहिल्या फेरीत सरळ सोडून द्या.

दगडी स्मारकं वेगळी, ती बहुतेक उत्तरेची, कारण हरलेल्या दक्षिणेकडे पैसेच उरले नव्हते. सगळी बघायची नाहीत, एकच राज्य धरा. न्यू जर्सीवाल्या मंडळींनी मक्याच्या शेताजवळचं आपलं उंच स्मारक धरावं, १९०३ मध्ये थिओडोर रूझवेल्टनी त्याचं अनावरण केलं होतं. तोंड खाली करून उभी केलेली तोफेची नळी दिसली तर समजा तिथे एक जनरल पडला, अशा सहा आहेत, तीन इकडचे तीन तिकडचे. मुलांना शोधायला लावा, मजेत चालतात.

डंकर चर्चपाशी मात्र थांबाच. कळस नाही, काही नाही, पांढरी शाळाच वाटते. युद्धच नको म्हणणाऱ्या पंथाचं चर्च आणि लढाई नेमकी त्याच्या दारात! १९२१च्या वादळात ते पडलं, आताचं १९६२ मध्ये परत उभारलेलं. खोलगट रस्त्यावर आधी वरून बघू नका, आत उतरून चाला, मग टॉवरवर चढा. बैलगाडीच्या चाकोरीसारखा घोडागाड्यांनी वर्षानुवर्षं झिजवलेला साधा शेतरस्ता तो, सैनिकांना आयता खंदक मिळाला आणि शेवटी तोच त्यांच्या मढ्यांनी भरला.

फुलपँट घाला, गवतात टिक्स, म्हणजे गोचीड, असतात. जमिनीतलं काही उचलायचं नाही, मेटल डिटेक्टर तर अजिबात नाही, कायद्याने गुन्हा आहे.

शेवटी बर्नसाइड पूल. तिथे एक स्मारक चक्क गरम कॉफीचं आहे, १९ वर्षांचा सार्जंट मॅकिन्ले गोळीबारात सैनिकांना जेवण-कॉफी पोचवत होता, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. जायच्या आधी अलेक्झांडर गार्डनरने लढाईनंतर काढलेले फोटो मोबाइलवर उतरवून घ्या. पुलाच्या फोटोत टोकाला एक कोवळं सायकामोरचं झाड दिसतं. फोटो समोर धरा आणि वर बघा, तेच झाड आहे, आता पुलावर सावली धरून उभं.